जैसे थे

अक्काला सरकारनं निलंबित केल्याचं मी आबांना फोनवर सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. कुणी केलं, हेही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मग खुर्चीवर कोण बसलंय आता?"

"कुणी नाही, आबा. रिकामी आहे."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

आबा म्हणजे आमचे वडील. अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांनी उभा जन्म हमाली केली. अडत्या गादीवर बसायचा, मुनीम चौरंगापाशी बसायचा, शेतकरीसुद्धा आपल्या पोत्यावर बसायचा. हमाल तेवढा उभा. दुपारी सावलीला टेकला तरी हाक येताच उठायचा. त्यामुळे जगात बसणारी माणसं आणि उभी राहणारी माणसं असे दोनच प्रकार आहेत, हे त्यांनी फार लवकर ठरवून टाकलं होतं. पोरीला न्यायाधीशाची नोकरी लागली तेव्हा वस्तीत सगळे पगाराचं, बंगल्याचं विचारत होते. आबा मात्र विचारत होते, "खुर्ची केवढी असती?"

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या घरातली पहिली पदवी तिची, दुसरी माझी. माझी पदवीसुद्धा खरं तर तिचीच म्हणायला हवी. मी शाळेत असताना ती मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायची. मी 'पानी' म्हणालो की थांबवायची. "पाणी. पुन्हा म्हण." लातूरला कायद्याच्या वर्गात ती एकदा उभी राहून 'कारन' म्हणाली होती आणि सगळा वर्ग हसला होता. त्या हसण्यातून मला वाचवायचं तिनं ठरवलं होतं. आज मी नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि फळ्यासमोर माझा 'ण' चुकत नाही, हे तिचं देणं आहे. पुढं ती जिल्हा न्यायाधीशाच्या पदापर्यंत गेली, पण आसनावर बसली की एकेक शब्द सावकाश, तपासून बोलायची. वकिलांना वाटायचं, बाई फार विचार करतात. मला माहीत होतं, ती 'ण' सांभाळते आहे.

तिचा एक कडक नियम होता. नात्यातल्या माणसानं तिच्या कोर्टात पाऊल टाकायचं नाही. कुणाला वाटू नये की यांची ओळख आहे. आबांनी अनेकदा विनवलं. मागं उभा राहतो म्हणाले. खिडकीतून बघतो म्हणाले. अक्कानं ऐकलं नाही. शेवटी एवढं कबूल केलं, "माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी या. मागच्या बाकावर बसा. खोकू नका." आबांनी ते मनात धरून ठेवलं. त्या दिवसासाठी पांढरा सदरा वेगळा काढून ठेवला होता आणि तो कुणाच्या लग्नालाही घालायचे नाहीत.

सरकारनं अक्काला त्या दिवसाच्या फार आधी उठवलं.

उच्च न्यायालयानं तिला काही काळासाठी सरकारकडं दिलं होतं. लातूरला शिक्षकांच्या तक्रारी ऐकणारं एक न्यायाधिकरण होतं, तिथं ती प्रमुख होती. एका संस्थेनं काढून टाकलेल्या शिक्षिकेला तिनं परत कामावर घ्यायला सांगितलं. संस्थाचालक सत्तेतल्या एका मोठ्या माणसाचे व्याही निघाले. मग एक निनावी तक्रार आली. त्यात लिहिलं होतं की ती शिक्षिका आणि अक्का एकाच समाजाच्या आहेत. त्यात दुसरं काही नव्हतं, आणि दुसऱ्या कशाची गरजही पडली नाही. 'न्यायिक अधिकाऱ्यास न शोभणारे वर्तन' असं म्हणून मंत्रालयातून आदेश निघाला. त्यावर राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने एका कक्ष अधिकाऱ्याची सही होती.

आदेश आला तेव्हा अक्का आसनावर बसून निकाल सांगत होती आणि लघुलेखक टिपून घेत होता. शिरस्तेदारानं खालून मोबाइल वर दिला. तिनं वाचला, परत केला आणि उठून आत गेली. वाक्य अर्धंच राहिलं. 'सबब अर्जदाराचे म्हणणे' एवढंच टिपलं गेलं. बाहेर एक वकील दुसऱ्याला म्हणाला, "काहीतरी खाल्लं असंल. उगं कोण काढतंय?" हे तिच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं म्हणाला. सकाळी हाच माणूस तिच्यापुढं कमरेत वाकला होता.

निलंबनाच्या काळात तिचं मुख्यालय नांदेड राहील आणि परवानगीशिवाय ते सोडता येणार नाही, असं आदेशात होतं. म्हणून ती माझ्याकडं राहायला आली. आमच्या दोन खोल्या. माझ्या बायकोनं तिला आतली खोली दिली.

दर महिन्याला तिला एका कार्यालयात जाऊन लिहून द्यावं लागायचं की मी दुसरीकडं कुठंही नोकरी करत नाही. तेव्हा निर्वाह भत्ता निघायचा. मी सोबत जायचो. तिथला लिपिक पूर्वी तिच्या हाताखाली होता. त्यानं तिला कधी बसा म्हटलं नाही. कागद उलटसुलट करायचा आणि विचारायचा, "मॅडम, खरंच कुठं काही करत नाही ना? नाहीतर आम्ही अडचणीत येतो." शेजारचे खाली माना घालून हसायचे. ती उभ्यानं सही करायची. एकदा तिथून बाहेर पडताना मला म्हणाली, "आबा कसे उभे राहायचे रे दिवसभर?"

घरात ती काहीच ठरवेनाशी झाली. माझी दोन पोरं भांडत आली की पूर्वी ती खुर्ची ओढून बसायची, एकाला विचारायची, "तुझं म्हणणं?" मग दुसऱ्याला. पोरांना तो खेळच वाटायचा. आता म्हणायची, "आईला विचारा." बायकोनं विचारलं, दोडकी करू की वांगी, तरी म्हणायची, "तुम्ही बघा." एक दिवस बायको वैतागून मला म्हणाली, "ह्या घरात दोन माणसं निलंबित आहेत का? निदान भाजी तरी सांगा कुणी." तिनं विनोद केला होता. आत अक्कानं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. बायको त्या दिवशी जेवली नाही.

अक्काचं म्हणणं साधं होतं आणि त्यावरच तिनं उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका टाकली. न्यायाधीशाला निलंबित करायचा अधिकार उच्च न्यायालयाचा, सरकारचा नाही. तात्पुरती सरकारकडं दिली म्हणून ती सरकारची होत नाही. सरकार म्हणत होतं, आमच्याकडं आहे तोवर आमची. तारखा पडत गेल्या. मधेच सरकारनं तिच्या जागी दुसऱ्याला बसवायची तयारी केली. तेव्हा तिच्या वकिलांनी धावपळ केली आणि खंडपीठानं सांगितलं, अंतिम सुनावणीपर्यंत परिस्थिती 'जैसे थे' ठेवा.

याचा अर्थ इतकाच होता की तिची खुर्ची रिकामी राहील आणि ती निलंबितच राहील. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरात आलं, 'न्यायाधीश निलंबन प्रकरणी जैसे थेचे आदेश'. खाली लहान अक्षरात 'दिलासा' असा शब्द होता.

सकाळीच अहमदपूरहून चुलतभावाचा फोन. एसटी स्टँडजवळ त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, निधन, सगळं तोच छापतो.

"भाऊ, जिंकलो की आपण!"

"कशात?"

"जैसे थे झालं न्हवं! जैसे थे म्हंजे काय? जशी व्हती तशी. काय व्हती? जज व्हती!"

"अरे, तसं नाही. आज ती जशी आहे, तशीच राहील. म्हणजे निलंबितच."

"हाव, तू मास्तर. तुला सरळ गोष्ट कधी सरळ दिसली न्हाई. पेपरवाले येडे हायत का?"

"ऐक माझं."

"आबा इथंच बसलेत. लई खूश हायत. सत्कार ठेवून राहिलोत रविवारी, विहारासमोर."

अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला. "सत्कार नको," म्हणाली. "मी निलंबित आहे. मला नांदेड सोडता येत नाही. आणि आबांना नीट समजावून सांग." पलीकडून चुलतभाऊ 'हाव अक्का, हाव अक्का' करत राहिला. तो जेव्हा इतक्या वेळा 'हाव' म्हणतो तेव्हा ऐकत नसतो, हे मला कळायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा आम्हाला दोघांनाही वाटलं, विषय मिटला.

रविवारी दुपारी अक्काच्या मोबाइलवर आबांचा फोन आला. "अक्का, छातीत कसंतरी होऊन राहिलंय. तू ये, माय."

तिनं उभ्याउभ्या परवानगीचा अर्ज मोबाइलवरून पाठवला आणि उत्तराची वाट न बघता चप्पल घातली. मी ओळखीच्या माणसाची गाडी आणली. वाटेत लोहा गाव येईपर्यंत ती सारखी मोबाइल बघत होती. "वैद्यकीय कारण लिहिलंय," ती मला सांगत होती. "वडील आहेत. नाही म्हणणार नाहीत."

अहमदपुरात वस्तीच्या तोंडाशी बँड वाजत होता. कमानीवर फ्लेक्स, त्यात अक्काचा कुठल्याशा जुन्या फोटोतून कापलेला चेहरा, भोवती वस्तीतल्या सगळ्या पोरांचे गॉगल घातलेले चेहरे आणि वर ठळक: 'जैसे थे! आमच्या अक्का पुन्हा न्यायासनावर!' गाडीवर फुलं पडायला लागली. मांडवात पहिल्या रांगेत आबा बसले होते. डोक्याला निळा फेटा. अंगात तो पांढरा सदरा.

अक्का सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "आबा, छातीत दुखतंय ना?"

"दुखत व्हतं," आबा म्हणाले. "तू आलीस, थांबलं."

सगळा मांडव हसला. चुलतभाऊ सगळ्यात मोठ्यानं हसला. "आबा, लई भारी ॲक्टिंग!"

ती वळली आणि निघाली. पण मागं बायका होत्या, पोरं होती, कुणी पाया पडत होतं, कुणी 'जय भीम, अक्का' म्हणत हात धरत होतं. तिला ढकलत ढकलत लोकांनी व्यासपीठावर नेलं. तिथं मंगल कार्यालयातून आणलेली नवरदेवाची खुर्ची होती. लाल मखमल, सोनेरी पाय, हाताशी दोन्हीकडं सिंहाची तोंडं. ती खुर्चीशेजारी उभी राहिली. मी खालून तिला खूण केली, चल म्हणून. तिनं मान हलवली, निघतेच.

तेवढ्यात आबा उठले. व्यासपीठाच्या पायरीशी आले. म्हणाले, "बस, माय. एकदा. मला बघू दे."

बँड थांबला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं. अक्कानं त्यांच्याकडं बघितलं. मग फेट्याकडं, सदऱ्याकडं. आणि बसली.

आबांनी चपला काढल्या. तिच्यासमोर सरळ उभे राहिले, दोन्ही हात पुढं बांधून, मान थोडी खाली, कोर्टात पक्षकार उभा राहतो तसे. हे त्यांनी कुठं बघितलं होतं कुणास ठाऊक. ते तसेच उभे राहिले आणि कुणीच हसलं नाही. अक्काचे हात सिंहांच्या तोंडांवर होते. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. मी सांगायचा प्रयत्न केला तर खोटं होईल.

मग मांडवाबाहेर गाड्या थांबल्याचा आवाज झाला. विरोधी पक्षाचे एक पुढारी आले. त्यांना कुणी बोलावलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. चुलतभाऊ म्हणतो, ते आपणहून आले. अक्का उठायच्या आत त्यांनी तिच्या गळ्यात हार टाकला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले. माइक हातात घेतला. "ही सरकारच्या थोबाडीत बसलेली चपराक आहे!" टाळ्या पडल्या. आबांनीही वाजवल्या.

आम्ही लगेच परत निघालो. लोह्याजवळ तिचा मोबाइल वाजला. उत्तर आलं होतं. परवानगी नाकारण्यात येत आहे.

पुढच्या तारखेला सरकारच्या शपथपत्राला तो फोटो जोडलेला होता. मखमली खुर्ची, हार, पुढाऱ्याचा हात. निलंबित असताना मुख्यालय सोडलं, राजकीय व्यासपीठावर सत्कार घेतला, न्यायालयाच्या आदेशाचा खोटा अर्थ लोकांत पसरवला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरकारी वकील तरुण होते, चांगल्या घरातले वाटत होते. फोटो हातात धरून ते इंग्रजीत म्हणाले, याचिकाकर्तीला खुर्ची हवी होती, ती तर मिळालेली दिसते, आणि सिंहासकट. कोर्ट हसलं. दोघांपैकी एक न्यायमूर्तीही हसले, मग त्यांनी चष्मा पुसला. अक्का माझ्या शेजारी होती. इतकी वर्षं तिनं 'ण' सांभाळला आणि शेवटी लोक हसले ते 'सिंहासकट' या एका शब्दावर, जो तिनं उच्चारलासुद्धा नव्हता.

खंडपीठाच्या बाहेर पायऱ्यांवरच तिनं आबांना फोन लावला. मी थांब म्हणालो. ती थांबली नाही.

"आबा, हौस फिटली?"

पलीकडं ते काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही.

"सरकारला माझ्याविरुद्ध काही सापडत नव्हतं. ते तुम्ही तयार करून दिलं. सदरा घालून." मग एकेक शब्द सावकाश, तपासून म्हणाली, "आता खरंच छातीत दुखलं तरी मला फोन करू नका. मला मुख्यालय सोडता येत नाही."

त्यानंतर आबांनी तिला फोन केला नाही. मला करायचे. तिचं विचारायचे, तेही आडून. "भाकर खाती का?" "झोप हाय का?" आणि ठेवून द्यायचे.

निकाल लागला तेव्हा आम्ही जिंकलो होतो. सरकारला असा अधिकारच नव्हता, असं खंडपीठानं स्वच्छ लिहिलं. निलंबन रद्द झालं. पण निकालाच्या शेवटी आणखी एक परिच्छेद होता. त्या समारंभाचा प्रकार गंभीर आहे, त्याबद्दल उच्च न्यायालयाच्या प्रशासनानं स्वतंत्र निर्णय घ्यावा. त्यांनी घेतला. अक्काला नोकरीत परत घेतलं, पण चौकशी पूर्ण होईपर्यंत न्यायदानाचं काम द्यायचं नाही असं ठरवलं. लातूरला एका जुन्या इमारतीत तिला खोली मिळाली. तिथं ती सकाळी जायची आणि संध्याकाळी यायची. तिच्यापुढं कुणी उभं राहत नव्हतं. चौकशी चालूच राहिली.

चुलतभावाचा फोन आला होता. "भाऊ, जिंकलो न्हवं आता तरी? का ह्यातबी काही वाकडं हाय?" मग त्यानं फोन आबांना दिला. आबांनी विचारलं, "म्हंजे आता खरं जैसे थे?"

"हो, आबा," मी म्हणालो. "आता खरं."

तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. मी नांदेडहून रजा काढून लातूरला गेलो. खोलीबाहेरच्या बाकावर आबा बसले होते. अहमदपूरहून एकटेच एसटीनं आले होते. पांढरा सदरा, त्यावर इस्त्रीच्या घड्या. खोकला दाबत होते. शिपायानं त्यांना हटकलं होतं आणि त्यांनी कुणाचे कोण, ते सांगितलं नव्हतं.

पाचच्या सुमारास दार उघडलं. अक्का बाहेर आली, हातात पिशवी. तिनं आबांना बघितलं.

"कशाला आलात?"

ते उभे राहिले. "शेवटचा दिस हाय. तूच म्हणली व्हतीस."

तिनं दार सताड उघडलं. "या. बघा."

आत भिंतीला लागून कपाटं, त्यांत कापडात बांधलेले जुने गठ्ठे. एक टेबल. टेबलामागं लोखंडी खुर्ची, पाठीची जाळी फाटलेली. आबा उंबऱ्यावर थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बस की एकदा."

"नाही," अक्का म्हणाली.

तिनं पंखा बंद केला, दार ओढलं आणि किल्ली शिपायाच्या हातात दिली. मग आमच्यापुढून चालत गेली. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज सगळ्या इमारतीत ऐकू येत होता, कारण बाकीचे सगळे आधीच निघून गेले होते. तिला निरोप द्यायला कुणी थांबलं नव्हतं.

मी आबांना स्टँडवर नेलं. अहमदपूरची गाडी लागायची होती. बाकावर जागा होती, पण ते बसले नाहीत. खांबाला धरून उभे राहिले. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी तशीच हातात धरली. गाडी आली, गर्दी झाली. मी आत चढून त्यांच्यासाठी जागा धरली, खिडकीजवळची. ते बसले, सदऱ्याची घडी सरळ केली आणि खिडकीतून मला हाक मारली.

"त्या दिवशी शोभत व्हती," म्हणाले. "सिंहाच्या खुर्चीत. हाव की न्हाई?"

"हाव, आबा," मी म्हणालो.

गाडी सुरू झाली.